पाच चौकोनांचं चित्र आणि आमच्या शाळेतलं 'प्रवाळ'

कळमनुरीतल्या माझ्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात एक दगड आहे. बोटाएवढा जाड, वीतभर लांब, दोन ठिकाणी फाटे फुटलेला, रंग पांढुरका-राखाडी. त्याच्याखाली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'प्रवाळाचा जीवाश्म. एकेकाळी येथे समुद्र होता याचा पुरावा.'

अक्षर माझं आहे. आणि चिठ्ठीवरची दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत घरी आले होते. बाईंनी आठवी-नववीच्या मुलांशी जीवाश्मांबद्दल बोलायला बोलावलं. मी फळ्यावर ते नेहमीचं पाच चौकोनांचं चित्र काढलं, समजावलं, टाळ्याही मिळाल्या. मग एका मुलानं दप्तरातून हा दगड काढला. कयाधूच्या काठावरच्या दरडीत सापडला म्हणाला. मी त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला, फसफसलं. म्हणजे चुना. प्रवाळ चुन्याचं असतं. आकारही प्रवाळासारखा. झालं, मी निकाल दिला.

मागे उभे असलेले शिपाई मामा म्हणाले, "पोरी, ह्ये तर चुनखडीचं खडं हाय. आमच्या रानात पोत्यानं निघतेत."

मी हसले आणि त्यांना ते पाच चौकोन पुन्हा समजावून सांगितले.

आता माझी पीएच.डी. चुनखडकातल्या ब्रायोझोआ नावाच्या प्राण्यांवर सुरू आहे. त्या दगडाचा एक तुटलेला तुकडा मी तेव्हा सोबत नेला होता. तो कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा माझी चिठ्ठी उघडी पडली. त्याबद्दल शेवटी सांगते. आधी त्या पाच चौकोनांचा हिशोब करायचा आहे. कारण चूक माझी असली तरी ती करायची सवय मला त्या चित्रानं लावली होती, आणि ते चित्र अजून शाळांच्या भिंतींवर, संग्रहालयांत, व्हिडिओंमध्ये जोरात चालू आहे.

चित्र काय सांगतं

तुम्ही ते नक्की पाहिलंय. पहिल्या चौकोनात प्राणी मरून पडलेला असतो, बहुतेक वेळा डायनोसॉर, नाहीतर मासा. दुसऱ्यात त्याच्यावर गाळ साचतो. तिसऱ्यात मांस कुजून जातं, हाडं राहतात, वर थरांवर थर चढतात. चौथ्यात पाण्यातली खनिजं हाडांत शिरतात आणि हाडांचा दगड होतो. पाचव्यात लाखो-कोटी वर्षांनी टोपी घातलेला माणूस हातोडी घेऊन येतो.

हे चित्र खोटं नाही. मोठ्या हाडाच्या बाबतीत साधारण असंच घडतं. माझी तक्रार वेगळी आहे. एका प्रकारच्या जीवाश्माची ही गोष्ट 'जीवाश्म कसे बनतात' या मथळ्याखाली सगळ्यांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. त्यातून पाहणाऱ्याच्या डोक्यात तीन समजुती पक्क्या बसतात. एक, जीवाश्म म्हणजे आधी जीव आणि नंतर दगड. दोन, आकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत शाबूत राहतो. तीन, आकार दिसला की ओळख पटली.

आपला शब्दही या समजुतीला हातभार लावतो. जीव अधिक अश्म, जीवाश्म. ऐकताच वाटतं, कुणीतरी शाप दिला आणि अहिल्येसारखी शिळा झाली.

पण पृथ्वीवरच्या जीवाश्मांत हाडांचा वाटा अगदी लहान. खरा ढीग आहे तो समुद्रातल्या कवचवाल्या, बिनकण्याच्या जीवांचा. म्हणून चित्राची परीक्षा त्यांच्यापैकीच एखाद्यावर घेऊ. मी अर्थातच माझ्या ओळखीचा प्राणी घेणार.

ब्रायोझोआ म्हणजे कोण

ग्रीक शब्दाचा अर्थ 'शेवाळ-प्राणी'. समुद्रकिनाऱ्यावर गेलात तर एखाद्या शिंपल्यावर बारीक जाळीसारखा पांढरा थर दिसतो, तो बरेचदा यांचाच. काही जाती अशा पसरतात, काही झुडपासारख्या फांद्या काढून उभ्या राहतात.

कल्पना करायची तर चाळीची करा. एक खोली, एक बिऱ्हाड. प्रत्येक खोली साधारण अर्ध्या मिलिमीटरची. आत एक जीव, त्याच्या तोंडाभोवती केसाळ शुंडकांचा मुकुट. तो बाहेर काढून पाण्यातलं सूक्ष्म अन्न तोंडाकडे ओढायचं, धोका वाटला की झटकन आत. खोल्यांच्या शेजारी नव्या खोल्या कळीसारख्या फुटत जातात. हजारो खोल्यांची अख्खी चाळ एका अळीपासून सुरू झालेली असते. काही खोल्या फक्त पिल्लं सांभाळतात. काहींना पक्ष्याच्या चोचीसारखा जबडा असतो, त्यांचं काम राखणदारीचं.

आज सुमारे ६,००० जाती जिवंत आहेत. जीवाश्मरूपात नोंदलेल्या जाती १५,००० च्या वर जातात. बहुतेक समुद्रात राहतात, पण गोड्या पाण्यातही थोड्या आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत राहून काम करणारे डॉक्टर आणि निसर्ग-अभ्यासक हेन्री जॉन कार्टर यांचं नाव अशाच एका गोड्या पाण्यातल्या जातीला मिळालं आहे, लोफोपोडेला कार्टेराय. तिची वसाहत जेलीसारखी मऊ. तिच्या वसाहतीचा मागमूस सहसा उरत नाही. एकाच समूहातल्या एका प्राण्याचे डोंगर उरतात, दुसऱ्याचं काही नाही. पाच चौकोनांत याचं उत्तर कुठे आहे? कुठेच नाही, कारण 'शरीर कशाचं बनलं होतं' हा प्रश्न त्या चित्रात विचारलेलाच नाही.

एकेक चौकोन तपासू

पहिला चौकोन: प्राणी मरतो. ब्रायोझोआत कोण मरतो? खोलीतला जीव अधूनमधून आपोआप जिरून जातो, त्याचा एक तपकिरी गोळा होतो आणि त्याच खोलीत नवा जीव तयार होतो. वसाहतीच्या टोकाला वाढ चालू असते आणि बुडाकडच्या जुन्या खोल्या केव्हाच रिकाम्या झालेल्या असतात. एकाच फांदीवर जिवंत वस्ती आणि ओसाड वस्ती शेजारी-शेजारी. मरणाचा एक ठळक क्षण दाखवणारा चौकोन इथं काढताच येत नाही.

दुसरा आणि तिसरा: गाळ साचतो, हाडं राहतात. इथं चित्रानं सगळ्यात मोठी गोष्ट गाळली आहे ती म्हणजे मोडतोड. उभी झुडपासारखी वसाहत लाटेनं, प्रवाहानं, एखाद्या खेकड्याच्या धक्क्यानं मोडते. तुकडे वाहतात, घासतात, आकारानुसार वेगळे होतात आणि दुसरीकडेच साचतात. म्हणजे खडकात जिथं तुकडा सापडला तिथं तो प्राणी राहत होता असं नाही. याच्या उलट, शिंपल्यावर चिकटून पसरणाऱ्या जाती जिथं जगल्या तिथंच, त्या शिंपल्यासकट राहतात. त्यांच्यात तर शेजाऱ्याच्या अंगावर कोण चढलं, कुणी कुणाची जागा बळकावली, तेही गोठलेलं दिसतं. दोन्ही जीवाश्मच, पण एक पत्त्यासकट आणि दुसरा पत्ता हरवलेला.

चौथा चौकोन: खनिजं शिरतात आणि दगड होतो. माझ्या मते चित्राची सगळ्यात मोठी गफलत इथं आहे. बहुतेक सागरी ब्रायोझोआ आपली भिंत जिवंतपणीच कॅल्साइटची बांधतात. कॅल्साइट हे खनिजच आहे, चुनखडक ज्याचा बनतो तेच. म्हणजे दगड होण्यासाठी यांना मरावं लागत नाही, गाडलंही जावं लागत नाही. ते जगतानाच दगडी घरात राहतात. कोटी वर्षांनी आपल्याला मिळते ती बरेचदा मूळचीच भिंत. नंतर येतं ते फक्त खोल्यांच्या पोकळीत भरलेलं सिमेंट किंवा गाळ. यांच्या बाबतीत जीवाश्म होणं म्हणजे दगड बनणं नाही, विरघळून न जाता टिकून राहणं.

टिकणंही सगळ्यांच्या नशिबी नसतं. कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं रूप आहे अॅरागोनाइट. घटक तेच, अणूंची मांडणी वेगळी. पण अॅरागोनाइट काळाच्या ओघात लवकर विरघळतं किंवा बदलून कॅल्साइट होतं, आणि बदलताना आतली नाजूक वीण पुसली जाते. आजच्या प्रवाळभित्तीतली प्रवाळं अॅरागोनाइटची, बहुतेक गोगलगायींची कवचंही अॅरागोनाइटची, कालवांची मुख्यतः कॅल्साइटची. म्हणून एकाच थरात कालव जसंच्या तसं आणि शेजारी गोगलगायीचा नुसता साचा, असं दृश्य दिसतं. तिथं कालवं जास्त होती म्हणून ती जास्त सापडतात असं लगेच म्हणायचं नसतं. खडकानं कुणाला ठेवलं आणि कुणाला सोडलं, हे आधी पाहायचं असतं.

पाचवा: टोपी आणि हातोडी. हातोडीनं नमुना मिळतो, ओळख मिळत नाही. त्यासाठी दगड करवतीनं कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीचा करायचा, म्हणजे त्यातून उजेड आरपार जातो. हे काम कंटाळवाणं असतं. एक जादा फेरी मारली की नमुनाच गायब होतो. चित्रात दाखवायला यात काही नाही हे मान्य. पण तो चौकोन नसल्यामुळे मुलांना वाटतं की जीवाश्म 'ओळखायचा' नसतो, नुसता 'सापडतो'.

बागचा 'प्रवाळी' खडक

माझ्या एका चिठ्ठीनं असं काय बिघडणार होतं, असं वाटेल. म्हणून एक मोठी चिठ्ठी पाहू. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाग नावाचं गाव आहे. लेणी आणि ठशांचं कापड यांसाठी आपल्याकडे माहीत असलेलं. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडच्या समुद्राचा एक फाटा आत शिरला होता. त्यानं मागे ठेवलेले खडक म्हणजे बागचे थर. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला आणि त्याखाली हे थर झाकले गेले. आमच्या कळमनुरीचा काळा दगड त्याच लाव्हाच्या पसाऱ्यातला. दोन्ही गावांत सरळ रेषेत साधारण ४०० किलोमीटर अंतर. बागला नदी-नाल्यांनी लाव्हा कापून खालचा समुद्र उघडा केला, आमच्याकडे वरचा लाव्हाच काय तो दिसतो.

विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्याचं भूशास्त्र १८६९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लिहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या त्या सर्वेक्षणांपासून बागच्या थरांतल्या एका पिवळट-तांबूस चुनखडकाला 'कोरलाइन लाइमस्टोन' म्हणतात. आम्ही विद्यार्थी त्याचं भाषांतर करतो 'प्रवाळी चुनखडक'. माझ्या एम.एस्सी.च्या वहीत तसंच लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा मारून.

तो खडक भिंगाखाली धरला की दिसतात ब्रायोझोआचे तुकडे. फांद्यांचे, मोडलेले, एकावर एक.

मग ते जुने लोक चुकले का? इथं टीका करताना जरा थांबायला हवं. त्या काळात इंग्रजीतला 'कोरलाइन' हा शब्द आजच्याइतका नेमका नव्हता. समुद्रातलं जे जे फांदीदार आणि चुनकट, त्याला तो सैलपणे लावला जाई, ब्रायोझोआलासुद्धा. इंग्लंडच्या सफोक भागात 'कोरलाइन क्रॅग' नावाचा थर आहे. एडवर्ड चार्ल्सवर्थ यांनी त्याला १८३५ मध्ये हे नाव दिलं, आणि तोही ब्रायोझोआनंच भरलेला आहे. म्हणजे शब्द त्यांच्या काळात चालण्यासारखा होता. नंतर शब्दाचा अर्थ आक्रसला, नाव मात्र तसंच राहिलं. 'प्रवाळी' हे भाषांतर करून आपण त्या सैल शब्दाची पक्की चूक बनवली.

आणि चूक फक्त नावाची राहत नाही. 'प्रवाळ' म्हटलं की डोळ्यांपुढे येते प्रवाळभित्ती: उबदार, उथळ, नितळ पाणी. ब्रायोझोआचं तसं नाही. ते थंड पाण्यातही राहतात, खोलवरही राहतात, गढूळपणाही काही जाती सोसतात. त्यांच्या नुसत्या असण्यावरून प्रवाळसागर ठरवता येत नाही. शिवाय बागच्या या खडकात तिरकस थर दिसतात. प्रवाहानं तुकडे वाहून आणून ढकलत ढकलत रचले की तसे थर पडतात. म्हणजे जिथं आपण बहरलेली वाडी समजत होतो, तिथं वाऱ्यानं गोळा केलेल्या पालापाचोळ्यासारखा ढीग आहे. दोन्ही मोलाचे, पण दोन्हींतून निघणारा समुद्र वेगळा.

चिपळूणकरिना

याच खडकाच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडते. जी. डब्ल्यू. चिपळूणकर काशी हिंदू विश्वविद्यालयात असताना त्यांनी बागच्या थरांतल्या ब्रायोझोआवर १९३९ मध्ये निबंध लिहिला. इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसीडिंग्जमध्ये तो आला. पुढे ते पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करत होते. १९४६ मध्ये सुरू झालेली ही संस्था म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था.

त्यांनी वर्णन केलेल्या जातींपैकी एक होती डायमॉर्फोपोरा. लांब नळ्यांसारख्या खोल्या, झुडपासारखी वसाहत. ब्रायोझोआचे दोन मोठे गट इथं लक्षात ठेवा. सायक्लोस्टोम: नळीसारख्या खोल्या, गोल तोंड. कायलोस्टोम: पेटीसारख्या खोल्या, दाराला झाकण. या वर्णनावरून डायमॉर्फोपोरा कुठे बसेल? कुणीही सायक्लोस्टोमकडे बोट दाखवेल.

१९९५ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे पॉल टेलर आणि आघारकर संस्थेचे आर. एम. बदवे यांनी 'पॅलिऑन्टॉलॉजी' या नियतकालिकात दाखवलं की ही जाती कायलोस्टोम आहे. आकार सायक्लोस्टोमचा, कूळ दुसरंच. अशा 'तोंडावळा सारखा, नातं नाही' प्रकाराला होमिओमॉर्फ म्हणतात. बागच्या या जातीचा भाऊबंद युरोपातही सापडला. दोघांसाठी त्यांनी नवी प्रजाती केली, म्हणजे जातीच्या वरचं घर, आणि तिचं नाव ठेवलं चिपळूणकरिना.

त्या निबंधाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या नावामुळे. आधीच्या माणसाची जाती नव्या घरात हलवली, आणि घरावर पाटी त्याचीच लावली. जुन्या नोंदी नीट नसत्या, नमुना कुठला ते लिहिलेलं नसतं, तर ५६ वर्षांनी दुरुस्ती करायलाही काही उरलं नसतं. दुरुस्ती होऊ शकेल असं लिहिणं हेही चांगल्या शास्त्रज्ञाचं काम आहे.

सायक्लोस्टोम की कायलोस्टोम, यानं काय फरक पडतो? पडतो. शिंपल्यांवर चिकटलेल्या वसाहती पाहून फ्रँक मॅकिनी यांनी १९९५ मध्येच सुमारे १० कोटी वर्षांच्या भांडणांचा हिशोब मांडला होता. दोन गट समोरासमोर आले की साधारण तीनपैकी दोन वेळा कायलोस्टोम वर चढतात. हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा कोण कुठल्या गटातलं हे बरोबर ठरलेलं असतं. ओळख चुकली की वरचा सगळा इमला डळमळतो.

ताजं भांडण

हे जुन्या काळातच व्हायचं असं समजू नका. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये बातमी आली की ब्रायोझोआचा उगम कॅम्ब्रियन काळापर्यंत मागे जातो. पुरावा होता प्रोटोमेलिशन नावाचा जीवाश्म, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण चीनमधला. मधाच्या पोळ्यासारखी बारीक खणांची रचना, फॉस्फेटमध्ये टिकलेली. आमच्या छोट्या जगात खळबळ उडाली, कारण वादातीत ब्रायोझोआ त्याआधी सुमारे ४८ कोटी वर्षांपर्यंतच जात होते.

२०२३ मध्ये त्याच 'नेचर'मध्ये दुसऱ्या गटानं चीनमधले आणखी नमुने दाखवले. त्यांत खणांबरोबर मऊ भागही टिकला होता. आणि त्यांच्या वाचनानुसार खणांतून बाहेर येत होतं ते शुंडकांचा मुकुट नव्हे, वनस्पतीसारखी पातं. त्यांचा निष्कर्ष: हा ब्रायोझोआ नाही, हिरवं शैवाल आहे.

'शेवाळ-प्राणी' म्हटलेला जीव शेवटी शेवाळच निघावा, हा विनोद बाजूला ठेवू. मुद्दा असा की खणांचा आकार दोन्ही वेळा तोच होता. निर्णय फिरला तो वेगळ्या पद्धतीनं टिकलेला नमुना हाती आल्यामुळे. काय दिसतंय याच्या आधी 'हे कसं टिकलं' हा प्रश्न येतो, आणि पाच चौकोनांच्या चित्रात टिकण्याची एकच रीत आहे.

मग मुलांना काय दाखवायचं

यावर एक आक्षेप रास्त आहे. आठवीच्या मुलांना कॅल्साइट-अॅरागोनाइट सांगत बसायचं का? सोपं करावंच लागतं. मान्य. पण सोपं करणं म्हणजे उत्तर लहान करणं असेल तर हरकत नाही, प्रश्नच काढून टाकणं असेल तर आहे. मी आता शाळेत गेले तर पाच चौकोन काढणार नाही. तीन प्रश्न लिहीन. हे कशाचं बनलेलं होतं? वाटेत काय काय हरवलं? आत्ता दिसतंय त्यातलं मूळचं किती आणि नंतरचं किती? डायनोसॉरच्या हाडालाही हे तीन प्रश्न लागू पडतात, बागच्या तुकड्यांनाही, आणि कपाटातल्या त्या दगडालाही.

त्या दगडाला मी ते उशिरा विचारले. माझ्याकडच्या तुकड्याच्या पातळ छेदात प्रवाळाचे त्रिज्येसारखे पडदे नव्हते. ब्रायोझोआच्या खोल्याही नव्हत्या. होती बेसाल्टची बारीक कच, काळ्या मातीचे कण, आणि त्यांना चिकटवून धरणारं कॅल्साइट. मधोमध एक बारीक नळी, रिकामी.

हे मुळाचं काम आहे. पावसाचं पाणी बेसाल्टच्या मातीतून कॅल्शियम विरघळवून घेतं. उन्हाळ्यात मूळ पाणी ओढून घेतं, माती सुकते आणि मुळाभोवती चुना बसत जातो. मूळ मरतं, कुजतं, नळी उरते. मुळाला फाटे होते म्हणून दगडाला फाटे. समुद्राचा संबंध नाही. आमच्याकडच्या चुनखडीच्या रानात हेच निघतं. आम्लाचा थेंब फसफसला ते बरोबरच होतं, पण त्या चाचणीनं फक्त कार्बोनेट असल्याचं कळतं. तो चुना कुणी बसवला ते ती सांगत नाही. दोन अर्धवट पुरावे एकत्र केले की पूर्ण पुरावा होतो, असं मी धरून चालले होते.

गेल्या महिन्यात शाळेत गेले होते. बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, दरवर्षी मुलांना दाखवते की मी ते." मला जमिनीत जावंसं वाटलं. पाच वर्षं, म्हणजे निदान पाच तुकड्या 'कळमनुरीत समुद्र होता' असं लिहून पुढे गेल्या. त्यातली काही मुलं आज विज्ञान शाखेला असतील.

मामा निवृत्त झालेत, पण गावातच राहतात. त्यांच्याकडे गेले. दगडाबद्दल बोलले, तर त्यांना तो प्रसंग आठवतही नव्हता. चहा पिता पिता म्हणाले, "त्यात काय एवढं? पावसाळ्यानंतर ताजं खडं फोडलं की आत मुळी सापडती कधी कधी."

ही एवढी माहिती मला पाच वर्षांपूर्वी मिळाली असती. 'तुम्ही हे खडं कधी फोडून पाहिलंय का?' एवढाच प्रश्न विचारायचा होता. मी विचारला नाही, कारण माझ्या चित्रात सगळ्याची उत्तरं होती.

जुनी चिठ्ठी मी काढून टाकली नाही. बाईंच्या परवानगीनं तिच्यावर एक तिरकी रेघ मारली, तारीख घातली आणि खाली नवी चिकटवली. तिच्यावर लिहिलंय:

'चुनखडीचा खडा. झाडाच्या मुळाभोवती चुना बसून तयार झालेला. सापडला: कयाधूचा काठ. आधीची ओळख (प्रवाळ) चुकीची होती. बरोबर ओळख प्रथम सांगणारे: आपल्या शाळेचे शिपाई मामा.'

शेजारी एक रिकामी जागा ठेवली आहे. बागच्या चुनखडकाचा एक पातळ छेद पुढच्या खेपेला तिथं ठेवायचा आहे, एका साध्या भिंगासोबत. मुलांना दोन्ही बघू दे. फाटे दोन्हीकडे आहेत, चुना दोन्हीकडे आहे. फरक कसा ओळखायचा, ते मी चिठ्ठीवर लिहिणार नाही.